लेखन तपासलं जातं, शिकवलं जात नाही

दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, ८० गुणांची असते. त्यातले २४ गुण उपयोजित लेखनाचे. पत्र किंवा सारांश, मग जाहिरात, बातमी आणि कथा यांतल्या कोणत्याही दोन, आणि शेवटी ८ गुणांसाठी प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एक. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा मार्क मुलानं स्वतः काही लिहिण्यावर आहेत. वर्षभराच्या तासिकांत मात्र लेखन शिकवण्याला दहावा हिस्साही मिळत नाही. धडे होतात, कविता होतात, समास-अलंकार-वृत्तं होतात. अभ्यासक्रम संपत येतो, पूर्वपरीक्षा तोंडावर येते आणि मग दोन-तीन तासांत पत्राचा मायना, बातमीचा मथळा, जाहिरातीची चौकट फळ्यावर काढून दिली जाते. मुलं ती वहीत उतरवून घेतात. आत्मकथनाचे चार-सहा विषय घरी लिहायला दिले जातात. वह्या गोळा होतात, लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं जातं, खाली सही आणि तारीख पडते. संपलं.

या सगळ्यात लेखन तपासलं गेलं. शिकवलं कधी गेलं?

मी नाशिक जिल्ह्यातल्या कांदा पट्ट्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. तिथे राहून माझं जे मत बनलं ते स्पष्टच मांडते. चांगलं लिहिता येणं ही चार हुशार मुलांना मिळालेली दैवी देणगी नव्हे. ते वर्गातल्या बहुतेक मुलांना शिकवता येतं. पण त्याला एकच अट आहे, आणि नेमकी तीच आपल्या शाळांतून गायब आहे. मुलानं लिहिलेलं कुणीतरी वाचणाऱ्यासारखं वाचलं पाहिजे, त्याला प्रश्न विचारले पाहिजेत आणि तोच मजकूर त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतला पाहिजे. पहिला मसुदा हाच शेवटचा मसुदा असतो तोवर गुणांची कितीही यादी पाठ करून घ्या, हाताला काही लागत नाही.

आठवीच्या वर्गात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला होता. एका मुलीनं लिहिलं: ‘ग्रीष्माच्या दाहाने तप्त झालेली धरती वर्षाराणीच्या आगमनाची आतुरतेने वाट पाहत होती. पाहता पाहता आकाशात काळ्याकुट्ट ढगांनी गर्दी केली. मोर पिसारा फुलवून थुईथुई नाचू लागले. बळीराजा आनंदला.’ अक्षर सुंदर, एकही चूक नाही. वर्गातल्या आणखी किती वह्यांत हीच वाक्यं थोड्या फरकानं होती ते सांगायला नको, कारण सगळ्यांचं मूळ एकच होतं. या मुलीच्या घरी शेती आहे, दारात कांदा साठवायची चाळ आहे. त्याच आठवड्यात एका रात्री आमच्याकडे वाऱ्यासकट जोराचा पाऊस झाला होता. मी तिला विचारलं, परवा रात्री तुमच्याकडे काय झालं गं? तिनं उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगितलं. म्हटलं, हेच लिही. त्यावर ती म्हणाली, “मॅडम, हे चालेल का निबंधात?”

या प्रश्नावर मला थांबायचं आहे. आठ वर्षं शाळेत मराठी शिकलेल्या मुलीची अशी ठाम समजूत झाली होती की निबंधात घालायचा पाऊस वेगळा आणि आपल्या घरावर पडतो तो वेगळा. घरावरचा पाऊस निबंधात चालत नाही. हे तिला कुणी एका शिक्षकानं सांगितलेलं नाही. गाईडमधले निबंध, हस्तलिखितात निवडले जाणारे लेख, स्पर्धांची बक्षिसं, ‘छान’ असा शेरा कोणत्या वाक्यापाशी पडतो, या सगळ्यांतून ती ते शिकली. जे खरंच घडलं, ज्याचं तिला सगळ्यात जास्त माहीत आहे, तेच लिहायला तिला परवानगी मागावी लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं आणलेला मजकूर असा होता: ‘रात्री पाऊस आला. पप्पा उठले, बॅटरी घेतली. मला कोणी उठवलं नाही पण मी उठले. चाळीच्या एका अंगाचा कागद उडाला होता. आम्ही कागद धरला. पप्पा म्हणाले, दगड आण. मी अंधारात दगड शोधत होते. मला सापाची भीती वाटत होती. सकाळी पप्पांनी त्या अंगाचे कांदे काढून पसरले आणि एकेक दाबून पाहिला. मी शाळेत आले तेव्हा माझ्या हाताला वास येत होता. म्हणून आपण सर्वांनी बळीराजाचा आदर केला पाहिजे.’

पहिल्या मसुद्यात एकही क्रिया तिची नव्हती. इथे प्रत्येक वाक्यात कुणीतरी काहीतरी करतं आहे. ‘आतुरतेने’ गेलं, ‘काळ्याकुट्ट’ गेलं, आणि तरी रात्र पहिल्यापेक्षा जास्त काळी झाली, कारण त्या अंधारात एक मुलगी दगड चाचपडते आहे. हे मी तिला सांगितलं. शिक्षकाचं पहिलं काम हेच, की जमलेल्या जागेवर बोट ठेवून ती का जमली ते सांगणं. नुसत्या ‘छान’मधून मुलाला काही कळत नाही. कोणतं वाक्य छान, आणि कशामुळे, हे कळलं तर ते पुढच्या वेळी जाणीवपूर्वक करता येतं.

मग प्रश्न. “आम्ही कागद धरला” म्हणजे कुणी कुणी? मम्मी कुठे होती? हा प्रश्न शेजारच्या बाकावरच्या मुलानं विचारला आणि तो अगदी योग्य होता. मजकुरात आईचा पत्ताच नव्हता. मी विचारलं, मुंबईतल्या एखाद्या मुलीनं हे वाचलं तर पप्पा एकेक कांदा दाबून का पाहतात हे तिला समजेल का? आमच्या वर्गात ते सांगावं लागत नाही, पण वाचणारा नेहमी आपल्या वर्गातला नसतो. आणि तिसरा प्रश्न शेवटच्या वाक्याचा. ते का लिहिलं? ती म्हणाली, शेवट पाहिजे ना. वर्गाला विचारलं, ते वाक्य काढलं तर काही कमी होतं का? बराच वेळ वाद झाला. दोन मुलं शेवटपर्यंत म्हणत राहिली की मार्क जातील. बाकीच्यांचं म्हणणं पडलं, हाताला वास येत होता इथेच सगळं कळतं.

तिसऱ्या मसुद्यात आई आली. ती घरात लहान भावाला धरून दारात उभी होती आणि तिथून बॅटरीचा उजेड दाखवत होती. कांदा दाबण्याचं कारणही आलं: ‘भिजलेला कांदा आतून सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो. वरून कळत नाही.’ हे वाक्य कुठल्याही गाईडमध्ये मिळणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ते आलं, कारण तिला कुणीतरी विचारलं.

चांगल्या लेखनाचे गुण म्हणून जे काही सांगितलं जातं ते या तीन मसुद्यांत आलं. सांगण्यासारखं काहीतरी असणं. त्यातलं काय ठेवायचं, काय गाळायचं ते ठरवणं. वाचणाऱ्याला काय माहीत नाही याचं भान. क्रम. नेमकी क्रियापदं. आणि सांगून झालं की थांबणं. फळ्यावर हे सहा मुद्दे लिहून दिले असते तर मुलांनी तेही पाठ केले असते आणि ‘चांगल्या लेखनाचे गुण लिहा’ या प्रश्नाचं उत्तर सहापैकी सहा मार्कांचं दिलं असतं. स्वतःच्या मजकुरावर ते घडताना पाहिलं, म्हणून हाताला लागले.

असं लेखन ही नव्या काळाची किंवा परदेशी शिक्षणशास्त्राची कल्पना आहे असं कुणाला वाटत असेल तर मी त्यांना १८५५ सालाकडे नेईन. त्या वर्षी फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ या पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. वय जेमतेम चौदा, शाळेतली वर्षं तीन. मराठी शाळेतल्या विद्यार्थ्यानं काय लिहावं याचा याहून मोठा दाखला माझ्या माहितीत नाही, आणि आपण तो गौरवापुरताच वापरतो. जयंती-पुण्यतिथीला नाव घेतलं जातं. तो निबंध लेखन म्हणून वर्गात उलगडून दाखवला जात नाही.

तो तसा वाचून पाहा. मुक्ताबाई वाद कसा घालते? वेद फक्त ब्राह्मणांचेच, इतरांनी ते पाहायचेही नाहीत, हे प्रतिपक्षाचं म्हणणं ती आधी जसंच्या तसं मान्य करते आणि मग विचारते की तसं असेल तर आमच्यापाशी धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता? विरोधकाच्याच विधानावर पाय रोवून ती पुढे जाते. ज्याला आपण तर्कशुद्ध मांडणी म्हणतो ती ही. पुढे ती दुःखाचं वर्णन करते, पण दुःख हा शब्द पुन्हा पुन्हा उगाळत बसत नाही. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-वारा-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असं ती वाचणाऱ्याला सांगते. आपला वाचक कोण हे तिला पक्कं ठाऊक आहे. ते घर-छप्पर असलेले, शिकलेले लोक आहेत, म्हणूनच ती त्यांना त्यांच्याच अनुभवाकडे वळवते. उच्चवर्णीयांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढलं तरी आमची मुलं तक्रार करत नाहीत, असं लिहून ती तिथेच सोडत नाही. त्याचं कारणही देते: उष्टं मागायला पुन्हा त्याच दारात जायचं असतं. एका वाक्यात सगळी व्यवस्था उघडी होते. सडणारा कांदा शेजारच्याला सडवतो हे सांगणारी मुलगी आणि ही मुलगी यांत जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचं आणि कितीतरी सोसण्याचं अंतर आहे, तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण लेखनाची रीत एकच आहे. कारण सांगा, दाखवा, कुणाशी बोलता आहात ते विसरू नका.

आणि हेही लक्षात घ्या, की तीन वर्षांच्या शाळेत त्या मुलीला हे जमलं. त्या शाळेत शिकवणाऱ्यांना तिच्या म्हणण्याची गरज वाटत होती. तिनं जे पाहिलं ते इतर कुणी लिहिणार नव्हतं. लेखन शिकवण्याची सुरुवात शिक्षकाच्या या विश्वासापासून होते, की समोरच्या मुलाकडे मला माहीत नसलेलं काहीतरी आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजनआनंद विद्यालयात मुलांचा भवताल आणि अनुभव हाच शिक्षणाचा पाया मानला गेला. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन-लेखन कसं शिकवावं याच्यामागे आयुष्य वेचलं. म्हणजे हे मराठीत झालेलं आहे, होतं आहे. फक्त ते त्या-त्या शाळेच्या कुंपणाबाहेर पडून परीक्षा मंडळाच्या कृतिपत्रिकेपर्यंत पोचलेलं नाही.

‘मुलांना नमुना तर द्यावा लागतोच’ हा आक्षेप मला पटतो. कोऱ्या कागदासमोर बसवून ‘मनातलं लिहा’ म्हणणं हा मुलांवर अन्याय आहे. नमुना हवाच. पण तो खऱ्या लेखनाचा हवा, कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगण्यासाठी लिहिलेला. मुक्ताबाईचा निबंध हा नमुना आहे. वर्तमानपत्रातलं वाचकाचं नेमकं पत्र, ग्रामपंचायतीला दिलेला आणि मंजूर झालेला अर्ज, वरच्या वर्गातल्या मुलीचे तीन मसुदे हेही नमुने आहेत. गाईडमधला निबंध मी नमुना मानत नाही, कारण तो कुणी कुणाला लिहिलेला नसतो. त्यातला पाऊस कुठल्या गावचा ते लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

मार्कांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. कांद्याच्या चाळीचा तो मजकूर बोर्डाच्या परीक्षेत किती मार्क मिळवेल? वर्गातल्या त्या दोन मुलांची शंका खोटी नाही. परीक्षक एका दिवसात किती उत्तरपत्रिका तपासतो, एका लेखाला त्याच्यापाशी किती मिनिटं असतात, याचा विचार केला तर त्याची नजर सुरुवात, शेवट, एखादं सुभाषित आणि अक्षर यांवरून फिरत जाणार हे उघड आहे. मुलांना आणि क्लासवाल्यांना ते बरोबर समजलेलं आहे. म्हणून काव्यपंक्तीनं सुरुवात, संदेशानं शेवट, मध्ये तीन परिच्छेद हा साचा तयार झाला. साच्याला मार्क पडतात, म्हणून मुलं साचा शिकतात. मुलांना दोष देणं साफ चूक आहे. गरीब घरातल्या मुलाला तर एकेक मार्क मोलाचा असतो, त्यानं प्रयोग करून मार्क घालवावेत असं मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू? बदल तपासणीत झाला पाहिजे. प्रसंगलेखन-आत्मकथनाच्या त्या ८ गुणांची विभागणी मांडताना ‘स्वतःचं निरीक्षण किंवा स्वतःचा मुद्दा’ याला स्पष्टपणे तीन गुण ठेवले आणि परीक्षकांच्या सभेत दोन-चार खऱ्या उत्तरांवर ते तपासून दाखवलं, तर दुसऱ्याच वर्षी क्लासवाले वेगळं शिकवू लागतील. मंडळ जे मोजतं ते शाळा शिकवतात, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

शुद्धलेखनाबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे चांगलं लेखन म्हणजे शुद्ध लेखन असं समीकरण होऊन बसलं आहे. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ साली त्यात चार वाढवले. हे अठरा नियम शिकवलेच पाहिजेत. मी शिकवते आणि सुधारते. पण कधी सुधारायचं हे महत्त्वाचं. पहिल्या मसुद्यावर लाल शाईचा पाऊस पाडला की मूल एक गोष्ट शिकतं: ज्या शब्दाची खात्री नाही तो लिहायचा नाही. मग त्याचे शब्द कमी होत जातात, वाक्यं आखूड आणि सावध होतात. खानदेशातल्या, विदर्भातल्या, कोकणातल्या, आदिवासी पाड्यांवरच्या मुलांचं तर पहिल्याच ओळीत तोंड बंद होतं, कारण घरची क्रियापदं कागदावर आली की खोडली जातात. प्रमाणभाषा त्यांना यायला हवी, ती त्यांच्या हक्काची आहे आणि नोकरी-कचेरीत तिच्यावाचून अडतं. पण ती शेवटच्या मसुद्यात आणता येते. आधी मजकूर उभा राहू द्या. जे सांगायचं तेच नसेल तर शुद्ध काय करायचं?

आता शिक्षकांची बाजू. माझ्या सहकाऱ्यांना हे वाचून राग येईल आणि तो योग्य असेल. साठ-पासष्ट मुलांचा वर्ग, तसे तीन-चार वर्ग, वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या. त्यात प्रत्येकाचे तीन मसुदे वाचायचे? ते शक्य नाही. मीही ते सगळ्या विषयांना करत नाही. वर्षात वीस निबंध लिहून घेऊन वीसही न वाचता सही करण्यापेक्षा चार लिहून घ्यावेत आणि ते नीट वाचावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. प्रत्येक वेळी सगळं तपासायचं नाही. एका लेखात फक्त एवढंच पाहायचं की बाहेरच्या वाचकाला हे समजेल का. दुसऱ्यात फक्त क्रम. प्रश्न विचारायचं निम्मं काम मुलंच एकमेकांचं करतात, आणि पुष्कळदा माझ्यापेक्षा बरं करतात. ‘मम्मी कुठे होती’ हे मला सुचलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आम्ही शिक्षकांनी आपसांत मोकळेपणानं बोलायला हवी. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्राथमिक शिक्षकांना प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहिणं भाग पडलं. कल्पना फार चांगली होती. मुलाकडे नीट पाहा आणि पाहिलेलं एका वाक्यात लिहा. थोड्याच काळात तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. ‘प्रश्नांची उत्तरे अचूक देतो’, ‘कविता तालासुरात म्हणतो’. तीच वाक्यं जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या नोंदवह्यांत उतरली. वेळ नव्हता हे खरंच. पण वेळेइतकंच दुसरंही कारण आहे. आम्हालाही शाळेत, डी.एड.ला, बी.एड.ला पाहिलेलं लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. पाठटाचणं ठरावीक नमुन्यात उतरवून आम्ही शिक्षक झालो. ज्या शिक्षकानं स्वतः कधी एखादा मजकूर दुसऱ्यांदा लिहिला नाही तो मुलाकडून पुन्हा कसा लिहून घेणार? म्हणून शिक्षक प्रशिक्षणाच्या दिवसांत व्याख्यानं कमी करून शिक्षकांना लिहायला बसवावं, एकमेकांचं वाचायला द्यावं, पुन्हा लिहायला लावावं, अशी माझी मागणी आहे. त्याला जादा पैसा लागत नाही.

शाळेत राहून गेलेली ही उणीव पुढे कुठे भोवते ते २०२३च्या सुरुवातीला पुण्याच्या रस्त्यावर दिसलं. राज्य लोकसेवा आयोगानं राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं होतं. त्यात निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका. बहुपर्यायी प्रश्नांची वर्षानुवर्षं तयारी केलेली मुलं-मुली रस्त्यावर उतरली, आणि अखेर नवी पद्धत २०२५पासून लागू करायचं ठरलं. त्यांची मागणी वाजवी होती. खेळ निम्म्यावर आला असताना नियम बदलू नयेत. पण त्या आंदोलनातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पदवी घेतलेल्या, दहावी-बारावीला मराठीत सत्तर-ऐंशी मार्क मिळवलेल्या तरुणांना स्वतःच्या भाषेत चार पानं सलग विचार मांडायला दोन वर्षांची मुदत हवी होती. त्यांच्यात काही कमी नाही. बारा-पंधरा वर्षांच्या शिक्षणात ते काम त्यांच्याकडून कुणी करूनच घेतलं नव्हतं. आता पुण्यात निबंधाचेही क्लास आहेत आणि पुन्हा तयार प्रस्तावना, तयार अवतरणं पाठ करणं चालू आहे. ज्या मुलांना पुढे तहसीलदार, गटविकास अधिकारी व्हायचं आहे, ज्यांच्या अहवालावर एखाद्या गावाचा टँकर किंवा एखाद्या कुटुंबाची भरपाई ठरणार आहे, त्यांना पाहिलेलं पाहिल्यासारखं लिहिता येणं ही चैनीची गोष्ट नाही.

मोबाइलवर विषय सांगितला की दहा सेकंदांत निबंध मिळतो, मग शिकवायचं कशाला, असंही हल्ली विचारलं जातं. मोबाइलनं गाईडचं काम जलद केलं, याहून वेगळं काही केलेलं नाही. जो विषय कुणीही कुठेही बसून लिहू शकेल असा असतो त्याचंच उत्तर तयार मिळतं. ‘पाण्याचे महत्त्व’ लिहून मिळेल. तुमच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, कोण भरतं, त्यापायी कुणाची शाळा बुडते, हे मुलालाच लिहावं लागेल. विषय असे द्या, मसुदे वर्गात लिहून घ्या, मग मोबाइलची भीती उरत नाही. ‘असर’सारख्या शालेय शिक्षणाच्या पाहण्यांमुळे आपल्याकडे मुलांना वाचता किती येतं याची निदान दर थोड्या वर्षांनी चर्चा तरी होते. लिहिता किती येतं हे तसं कुणीच मोजत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मलाही आनंद झाला. शाळेत आम्ही पेढे वाटले. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेही चांगलंच झालं. पण भाषेसाठी जे काही करायचं ते अध्यासनं, संमेलनं आणि ग्रंथालयं यांपाशी संपत असेल तर मला ते अपुरं वाटतं. आठवीतल्या मुलीला आपल्या घरचा पाऊस मराठीत लिहायला परवानगी मागावी लागते, तोवर भाषेचं मोठेपण तिच्यापर्यंत पोचलेलं नाही.

म्हणून एक ठोस गोष्ट सुचवते. दहावीला मराठीचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते शाळेच्या हातात असतात. त्यातले १० गुण मसुद्यांच्या फाइलला द्यावेत. वर्षभरात तीन लेख, प्रत्येकाचे किमान दोन मसुदे, सोबत वाचणाऱ्यानं विचारलेले प्रश्न, मग ते शिक्षकाचे असोत की वर्गमित्राचे. गुण पहिल्या मसुद्याला नाहीत, शेवटच्यालाही नाहीत. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत मजकुरात काय बदललं त्याला गुण. शाळा अंतर्गत गुण सढळ हातानं वाटतात हा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. म्हणून एका केंद्रातल्या शाळांनी फेब्रुवारीत एकमेकांच्या फाइलींतून काही काढून पाहाव्यात. दोन मसुदे शेजारी ठेवले की मूल खरंच पुन्हा बसलं होतं की नुसतं सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं, हे दहा मिनिटांत समजतं, त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. पहिल्याच वर्षी सगळ्या राज्यात नको. प्रत्येक विभागीय मंडळानं एकेक तालुका घ्यावा, तिथल्या मराठीच्या शिक्षकांना जूनमध्ये दोन दिवस बोलवावं आणि त्या दोन दिवसांत आधी त्यांच्याकडून एकेक पान दोनदा लिहून घ्यावं.